क्लार्कचा दुसरा आकडा

मंडळी, अमेरिकी बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचा विषय निघाला की ३,९५१ हा आकडा निघतोच. आयोवा विद्यापीठाकडून २०२० ते २०२४ या चार मोसमांत, १३९ सामन्यांत तिनं केलेले हे गुण. ३ मार्च २०२४ ला ओहायो स्टेटविरुद्ध तिनं पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे टाकला, तोही मध्यंतराच्या तोंडावर, एका फ्री थ्रोवर (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट). मॅराविच ८३ च सामने खेळला आणि त्याच्या वेळी तीन गुणांची रेषाच नव्हती, त्यामुळे थोर कोण हा वाद फोल आहे. मला तिचा दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो: १,१४४ असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकारी खेळाडूनं बास्केट केली असे पास.

हे दोन्ही आकडे एकाच गोष्टीतून आलेत. थ्रीची रेषा रिंगपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर. क्लार्क ३० फुटांवरूनही मारायची. म्हणजे तिला अर्ध्या मैदानापासूनच धरावं लागतं. डावीकडे ड्रिबल करत ती वेगात निघते, बचाव करणारीचा भार मागच्या पायावर गेला की झटक्यात मागे सरकते, पाय रोवते आणि बॉल सोडते. पाय नीट रोवले नाहीत तर एवढ्या लांबचा शॉट आखूड पडतो, कारण ताकद पायांतून येते. शिवाय लांबच्या शॉटचा रिबाउंडही (हुकून परत आलेला बॉल) लांब उडतो आणि समोरच्यांना आयता फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, मिळतो.

म्हणून बहुतेक संघ स्क्रीनवर (सहकारी खेळाडू बचाव करणारीच्या वाटेत उभी राहते तेव्हा) तिच्या अंगावर दोघी सोडायचे. तसं केलं की मागे चौघींसमोर तिघी उरतात, आणि स्क्रीन लावणारी मोकळी रिंगकडे पळते. आधी ते काम मोनिका चिनानो करायची. ती गेल्यावर हॅना स्टुएल्की आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेन स्टेटविरुद्ध स्टुएल्कीचे ४७ गुण, क्लार्कचे १५ असिस्ट. याची किंमतही होती: दोघींच्या हातांवरून फेकलेले पास अडायचे, आणि शेवटच्या मोसमात तिचे टर्नओव्हर (हातचा बॉल गमावणं) सामन्यामागे साडेचारच्या वर गेले.

साउथ कॅरोलिनाचं उदाहरण बघा. राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या २०२३ च्या उपांत्य सामन्यात या संघानं रिंगजवळ गर्दी केली, आयोवाच्या काही जणींना बाहेर चक्क मोकळं सोडलं. क्लार्कनं ४१ गुण काढले, आयोवा ७७-७३ नं जिंकली. २०२४ च्या अंतिम सामन्यात पहिल्या क्वार्टरमध्येच तिचे १८ झाले. पुढे रेव्हन जॉन्सन तिला चिकटून राहिली, रिंगजवळ सहा फूट सात इंचांची कामिला कार्दोसो. उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२ गुण, एकूण २८ शॉटपैकी १० आत. तरीही ८७-७५ च्या त्या पराभवाचा दोष तिच्या नेमबाजीवर टाकू नका. राखीव खेळाडूंचे गुण बघा: साउथ कॅरोलिना ३७, आयोवा शून्य.