भिंतीत काय, कागदात काय

(दृश्य : पुण्यातली तीन मजली जुनी सोसायटी. जिना चढणारे पाय.)

सहकारनगरसारख्या भागातली, 1985च्या सुमारास बांधलेली ही इमारत. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावरचा टू बीएचके विकायचाय, घेणारा कर्ज काढतोय आणि बँकेने पाठवलेला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आज घर बघायला आलाय. मालकीणबाईंनी सकाळपासून आवरून ठेवलंय. पडदेही बदललेत.

व्हॅल्युअर मात्र अजून दाराबाहेरच उभा आहे. दारावरचा नंबर, पाटीवरचं नाव, शेजारी कोणाचा फ्लॅट, जिना कोणत्या बाजूला, हे सगळं तो इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) आणि खरेदीखतातल्या चतुःसीमेशी ताडून पाहतोय. दाखवलं एक घर आणि तारण ठेवलं भलतंच, असले प्रकार बँकांना नवे नाहीत.

(दृश्य : भिंतीवर लेझर मीटरचा लाल ठिपका.)

आता मोजणी. मालक म्हणतात, आठशे स्क्वेअर फूट. त्यात भिंती आल्या, जिन्यातला वाटा आला, जुन्या व्यवहारांत असं चालायचंच. रेरा या घरबांधणी व्यवसायाच्या कायद्याने कार्पेटची, म्हणजे घरात वापरता येणाऱ्या क्षेत्रफळाची, व्याख्या पक्की केली : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडायची. त्या हिशेबाने आठशेचे सहाशेही भरत नाहीत. हॉल मोठा दिसतो, कारण बाल्कनी आत घेतलीय. मंजूर नकाशात मात्र ती बाल्कनीच आहे. परवानगीचा कागद नसेल, तर तिला हॉलचा भाव मिळणं कठीण.

मॉड्युलर किचन? त्याने एक फोटो काढला आणि पुढे गेला. मालकीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

(दृश्य : बाथरूमलगतची भिंत, फुगलेला रंग. मग पार्किंगमधला कॉलम.)

तो रेंगाळतो ते अशा ठिकाणी. नवा रंग कोपऱ्यात फुगलाय, म्हणजे आत ओल आहे. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगांकडे तो फारसं लक्ष देत नाही. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी भेगही बरेचदा निरुपद्रवी असते. पण कॉलममध्ये सळईच्या रेषेने उभी भेग गेली असेल, तर गोष्ट वेगळी. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून काढते. खाली पार्किंगमध्ये तो हेच शोधतोय, कारण तिथे रंगरंगोटी कोणी करत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही तो सोसायटीकडे मागतो.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरतात. इथे त्यातली चाळीसेक गेली. वीस वर्षांचं कर्ज देताना बँक उरलेली वर्षं मोजणारच.

मग अशा घराला किंमत कशाची? बरीचशी जमिनीची. बांधकाम झिजतं, जमीन झिजत नाही; पुनर्विकासाची आशा तिच्यावरच. म्हणून पुढचा प्रश्न मालकांना नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना : कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का? अनेक जुन्या सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. शिवाय भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, मिळकतकराची पावती. माझ्या मते फ्लॅट बघायला जाणाऱ्यानेही टाइल्स बघण्याआधी हे विचारावं.

(दृश्य : कार्यालयातला संगणक, आकड्यांचा तक्ता.)

दर ठरवताना रेडी रेकनर, म्हणजे भागवार दरांचा तक्ता, समोर असतो, पण तो सरकारचा, मुद्रांक शुल्कासाठीचा. व्हॅल्युअर पाहतो आसपास अलीकडे नोंदले गेलेले व्यवहार. त्यात मजला, वय, लिफ्ट नसणं यांची वजाबाकी. शिवाय घाईत विकावं लागलं तर काय येईल, तोही आकडा वेगळा लिहितो. बँकेला खरी चिंता त्याचीच.

समजा, सौदा 80 लाखांचा ठरलाय आणि अहवालात आले 72. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते आणि बँका दोन्हींतला कमी आकडा धरतात. घेणाऱ्याने 64 लाख गृहीत धरले होते. मिळणार जास्तीत जास्त 57 लाख 60 हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तर वेगळीच.

मधले 6 लाख 40 हजार आणायचे कुठून? घेणाऱ्याने एजंटला फोन लावलाय. भाव पुन्हा ठरणार आहे, आणि या वेळी बोलण्याची सुरुवात किचनपासून होणार नाही.