फिलिप्पै : दार उघडं असताना

[दृश्य : सकाळचं ऊन. दगडी रस्ता. कॅमेरा अगदी खाली, दगडांत खोल गेलेल्या चाकोऱ्यांवर.]

या चाकोऱ्या गाड्यांच्या चाकांनी पडल्या आहेत. हात घातला तर बोटं आत जातात. रस्त्याचं नाव व्हिया एग्नाशिया. एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यापासून बायझँटियमकडे जाणारा, रोमी राज्यकर्त्यांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधलेला. सैन्य याच रस्त्यानं गेलं, व्यापारी गेले, गुलामही गेले. आणि इसवी सन ५०च्या सुमारास समुद्राकडून येशू ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारी चार माणसं चालत आली. पौल, सीला, तरुण तीमथ्य, आणि ही हकिगत पुढे लिहून ठेवणारा लूक.

आदल्या मुक्कामी, त्रोवसात, पौलाला रात्री दृष्टान्त झाला होता. मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवत होता, इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर. चौघं लगेच निघाले. समथ्राके बेटावरून नियापुलीस बंदरात उतरले, म्हणजे आजच्या ग्रीसमधल्या कवालात. तिथून डोंगर ओलांडून सुमारे १५ किलोमीटर. खाली मैदान, आणि मैदानात हे शहर, फिलिप्पै.

[दृश्य : डोंगरउतारावरचं नाट्यगृह. पायऱ्या, मग वर जात जात संपूर्ण मैदान.]

शहराची गोष्ट पौलाच्याही चार शतकं आधी सुरू होते. थासोस बेटावरून आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली, क्रेनिडीस नावाची. इथे झरे होते, आणि जवळच्या डोंगरांत सोनं होतं. सोन्याचा सुगावा लागल्यावर राजे लांब राहत नाहीत. इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये मासेदोनियाचा राजा दुसरा फिलिप आला, शहर ताब्यात घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. या नाट्यगृहाची सुरुवात त्याच काळातली. अलेक्झांडर, ज्याला आपण सिकंदर म्हणतो, तो याच फिलिपचा मुलगा.

पुढे इसवी सनापूर्वी ४२ मध्ये या मैदानात रोमचं भवितव्य ठरलं. ज्युलियस सीझरला मारणारे ब्रूटस आणि कॅसियस एका बाजूला, अँटनी आणि ऑक्टेवियन दुसऱ्या बाजूला. हरलेल्या दोघांनीही इथेच आपला जीव दिला. जिंकलेल्यांनी आपल्या निवृत्त सैनिकांना इथल्या जमिनी वाटल्या आणि फिलिप्पै रोमची वसाहत झाली. ग्रीक भूमीवर रोमी कायदा आणि रोमी नागरिकत्वाचा ताठा. आजही इथल्या कित्येक शिलालेखांची भाषा लॅटिन आहे.

सोनं, जमीन, नाट्यगृह, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य राज्याचं नागरिकत्व. सुखी व्हायला काय लागतं, असं कुणालाही विचारा. याहून मोठी यादी फारसं कोणी देणार नाही.

[दृश्य : वेशीबाहेरचा ओढा. झाडांची सावली पाण्यावर. काठावर दगडी पायऱ्या.]

शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूदी लोकांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते चौघं शहरात थांबले नाहीत. वेशीबाहेर नदीकाठी गेले. तिथे प्रार्थनेसाठी काही स्त्रिया जमल्या होत्या. ना सभास्थान, ना व्यासपीठ. ते खाली बसले आणि बोलू लागले.

ऐकणाऱ्यांत लुदिया होती. थुवतीरा शहरची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. जांभळं वस्त्र त्या काळी मानाचं आणि महागाचं, त्यामुळे बाई चार पैसे राखून असणार, हे उघड आहे. प्रभूनं तिचं अंतःकरण प्रफुल्लित केलं, असं वचन सांगतं. तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला. आणि मग तिनं काय केलं? घर उघडलं. या चार परक्या माणसांना आग्रह करकरून घरी नेलं. विश्वास धरला त्याच दिवशी तिच्या घरात पाहुणे जेवायला बसले. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण विश्वास आणि वागणूक यांच्यात या बाईनं एका रात्रीचंही अंतर ठेवलं नाही.

[दृश्य : क्रुसाच्या आकाराचं दगडी कुंड. वाहतं पाणी. पांढऱ्या कपड्यांतलं एक कुटुंब पायऱ्या उतरतं आहे.]

लुदियेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या जागी आजही बाप्तिस्मे होतात. इथे मी काही बोलत नाही. बघा.

[दृश्य : शहराचा चौक. लांबरुंद फरशी, मोडके खांब, पायऱ्या.]

आता चौकात येऊ. डोळ्यांसमोर आहे ती फरशी दुसऱ्या शतकातली, पौलानंतरची. पण शहराचा चौक याच ठिकाणी होता आणि न्यायनिवाडा चौकातच होई.

एका दासीच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता. तिच्या त्या सांगण्यावर तिचे धनी पैसा करत होते. पौलानं येशू ख्रिस्ताच्या नावानं त्या आत्म्याला घालवलं. मुलगी मोकळी झाली आणि धन्यांची कमाई गेली. ती बिचारी पुढे कुठे गेली, तिचं काय झालं, हे लिहिलेलं नाही. धन्यांनी काय केलं ते मात्र लिहिलं आहे. त्यांनी पौल आणि सीला यांना फरफटत अधिकाऱ्यांपुढे आणलं. कमाईचा मात्र तिथे कोणी उच्चार केला नाही. हे यहूदी आहेत, आपल्या शहराला त्रास देतात, आपण रोमी लोकांनी स्वीकारू नयेत असे परिपाठ शिकवतात, एवढंच सांगितलं. लोक खवळले. कपडे फाडले गेले, छड्या बसल्या. चौकशी झालीच नाही.

[दृश्य : खडकातली अरुंद खोली. अंधार. दारातून येणारा उजेडाचा एक पट्टा.]

यात्रेकरूंना पौलाची बंदिशाळा म्हणून दाखवतात ती ही जागा. जाणकारांच्या मते ही मुळात रोमी काळातली पाण्याची टाकी, मागाहून तिचं प्रार्थनामंदिर झालं. खरी बंदिशाळा इथेच कुठेतरी, चौकाच्या आसपास असावी. पण आत उभं राहिलं की अंगावर येते ती भिंतींची जवळीक. तेवढ्यापुरती ही खोली पुरेशी आहे.

त्या दोघांना अगदी आतल्या कोठडीत टाकलं आणि पाय खोड्यांत अडकवले. खोडा म्हणजे जाड लाकूड, भोकांत पाय घालून बंद करायचं. कूस बदलता येत नाही. पाठ सोललेली, त्यामुळे टेकताही येत नाही. झोप येणं शक्यच नाही. मध्यरात्र झाली.

आणि ते गाऊ लागले.

देवाची स्तोत्रं. दुसरे कैदी कान देऊन ऐकत होते, असं लूक लिहितो. त्या कोठडीत शिव्या रोज ऐकू येत असतील, रडणंही येत असेल. सकाळी आपलं काय होणार हे माहीत नसलेल्या माणसांचं गाणं त्यांनी कधी ऐकलं असेल?

मग भूकंप झाला. क्रम नीट लक्षात घ्या. गाणं आधी आहे, भूकंप नंतर. सुटका झाली म्हणून त्यांना आनंद झाला, असं घडलेलं नाही. पाय खोड्यात होते तेव्हाच आनंद त्यांच्यापाशी होता. ख्रिस्तावरचा विश्वास माणसाला काय देतो, याचं उत्तर मला या एका क्रमात दिसतं.

पाया हादरला, दारं उघडली, सगळ्यांची बंधनं सुटली. बंदिशाळेचा नायक झोपेतून उठला, उघडी दारं पाहिली आणि त्यानं तलवार उपसली. स्वतःवरच. कैदी निसटले तर पहारेकऱ्याला जीव गमवावा लागे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात आतल्या अंधारातून पौल ओरडला : स्वतःला काही अपाय करून घेऊ नको, आम्ही सर्व इथेच आहोत.

[दृश्य : उघडं दार, आतून बाहेर. दाराच्या चौकटीत ऊन. दृश्य लांबवायचं.]

आम्ही सर्व इथेच आहोत. दार उघडं होतं. बाहेर पडले असते तर कोणी त्यांना दोष दिला असता? अन्याय त्यांच्यावरच झाला होता. पण ते बाहेर पडले असते तर त्यांची मोकळीक या पहारेकऱ्याच्या रक्तानं विकत घेतलेली ठरली असती. म्हणून ते थांबले. दुसऱ्याचा जीव घेऊन मिळणारं सुख त्यांना नकोच होतं. नीतिमान जीवन म्हणतात ते हेच, आणि ते मध्यरात्री, कोणी बघत नसताना, दार उघडं असताना जगलं गेलं.

नायक दिवा मागवून थरथरत आत आला. त्यानं विचारलं : महाराज, माझे तारण व्हावे म्हणून मला काय केले पाहिजे? उत्तर मिळालं : प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल.

त्याच घटकेस, रात्रीच, त्यानं त्यांच्या जखमा धुतल्या. याच माणसानं संध्याकाळी त्यांचे पाय खोड्यात घातले होते. जखमेवरचं पाणी आणि बाप्तिस्म्याचं पाणी, दोन्ही एकाच रात्रीचं. मग त्यानं त्यांना घरी नेऊन जेवायला वाढलं आणि देवावर विश्वास ठेवून तो सहकुटुंब हर्षित झाला. काही वेळापूर्वी मरायला निघालेला माणूस.

सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवून निरोप दिला, सोडून द्या. पण पौल गुपचूप निघाला नाही. आम्ही रोमी आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलं, आता चोरून घालवता काय? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवू लागले. सात्त्विक माणूस म्हणजे अन्याय गिळणारा माणूस, असं समजणाऱ्यांनी ही सकाळ जरूर वाचावी. तिथून ते लुदियेच्या घरी गेले, बंधुजनांना धीर दिला आणि मग पुढच्या वाटेला लागले.

[दृश्य : चौकातल्या पायऱ्या, संध्याकाळचा उजेड. वाऱ्यानं हलणारं गवत.]

काही वर्षं गेली. पौल पुन्हा बेड्यांत होता, परंपरा सांगते की रोममध्ये. फिलिप्पैच्या मंडळीनं, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांनी, एपफ्रदीत नावाच्या आपल्यातल्याच एका बंधूच्या हाती त्याला मदत पाठवली. ही मंडळी श्रीमंत नव्हती. मासेदोनियातल्या मंडळ्यांविषयी पौलानं दुसरीकडे लिहिलं आहे की त्या कमालीच्या दारिद्र्यातही आनंदानं उदारपणे देत होत्या. एपफ्रदीत तिथे पोहोचला आणि मरणाला टेकला इतका आजारी पडला. बरा झाल्यावर पौलानं त्याला एक पत्र देऊन परत पाठवलं. फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र ते हेच.

चार अध्याय, १०४ वचनं. आनंद, आनंद करणं, दुसऱ्याच्या आनंदात सहभागी होणं, हे मूळ ग्रीक पत्रात १६ वेळा येतं. लिहिणारा जगेल की मरेल, हे ठरायचं होतं. त्याला त्रास द्यावा म्हणून काही जण हेव्यानं सुवार्ता सांगत होते, त्यावरही तो म्हणतो की ख्रिस्ताची घोषणा होते आहे ना, मग मला आनंद आहे. आणि मग ते वचन, जे आपल्यातल्या कित्येकांना लहानपणापासून पाठ आहे : प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.

पण या वचनाच्या आधी काय आहे ते आपण बहुधा वाचत नाही. आधी आहेत युवदीया आणि सुंतुखे. मंडळीतल्या दोन स्त्रिया, दोघीही सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या, आणि आता दोघींचं बिनसलेलं. पौल दोघींना नावानिशी विनंती करतो की प्रभूच्या ठायी एकचित्त व्हा. दुसऱ्या एका सोबत्याला सांगतो, यांना मदत कर. भांडण मिटवणं आधी येतं आणि लगेच पुढच्या ओळींत आनंद करा. आनंदाच्या वचनानंतर तर वागणुकीची रांगच लागते. तुमची सहनशीलता सर्वांना कळून येऊ द्या. चिंता करू नका, आभार मानत मागणी करा. जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचं मनन करा. आणि माझ्याकडून शिकलात ते आचरत राहा, म्हणजे शांतीचा देव तुमच्याबरोबर राहील. सरळ वागणं बाजूला काढून नुसता आनंद मागणाऱ्याला या पत्रात काही सापडत नाही.

तो असंही म्हणतो की कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटीही. शिकलो आहे. म्हणजे हे त्याला जन्मतः येत नव्हतं. ज्यांना आज आनंद लांब वाटतो त्यांच्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

[दृश्य : अष्टकोनी चर्चचे अवशेष. जमिनीवरचं रंगीत खड्यांचं काम, त्यातली ग्रीक अक्षरं.]

ही अक्षरं पॉर्फिरिओस या बिशपाचं नाव सांगतात, आणि इथली आधीची वास्तू पौलाच्या नावाची असल्याचंही. हा बिशप इसवी सन ३४३च्या सर्दिकेच्या धर्मसभेत होता. ज्या शहरानं पौलाला छड्या मारल्या, त्याच शहरात त्याच्या नावानं चर्च उभं राहिलं. पुढे आणखी मोठी चर्च झाली, भूकंप झाले, शहर ओस पडलं. २०१६ पासून हे अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

[दृश्य : पुन्हा दगडी रस्ता, उलट दिशेनं, शहराकडे येणारा.]

एपफ्रदीत पत्र घेऊन निघाला. मंडळीनं त्याचं मोठ्या आनंदानं स्वागत करावं, असं पौलानं त्यात आवर्जून लिहिलं होतं. पत्राच्या शेवटी सलाम आहेत. माझ्याबरोबरचे बंधू तुम्हाला सलाम सांगतात, सर्व पवित्र जन सांगतात, आणि विशेषेकरून कैसराच्या घरचे. ज्याच्या हुकुमतीखाली पौल बेड्यांत होता, त्याच कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या, चाकरीतली ही माणसं. पौल कैदेतच होता, आणि त्या घरापर्यंत सुवार्ता जाऊन पोहोचली होती.