मिरचीच्या वाफ्यात हे काय उगवलंय? उपटायच्या आधी एकदा बघा

हे बघा, हा आमच्या परसातला संकेश्वरी मिरचीचा वाफा. रोपं मी मोजून 24 लावलेली, आज मोजली तर 26. म्हणजे दोन पाहुणे आलेत. बेळगावकडं एकदा पाऊस लागला की असं होतंच, आणि बरेच जण विचारालेत की हे उपटायचं का ठेवायचं.

कॅमेरा जरा खाली घे. ही मिरची, आणि हे शेजारचं. नुसत्या पानावरून मलापण पंधरा दिवस फरक कळला नव्हता, पण आता फूल आलंय ते बघा की! मिरचीचं फूल बेचक्यात, बहुतेक एकेकटंच, खाली मान घालून. इथं एका बारक्या देठावर चार-पाच फुलांचा झुपका, पाकळ्या पांढऱ्या, मधे पिवळा दांडा. ही कामोणी, मिरची-वांग्याच्याच कुळातली. फळ पिकलं की काळं होतं, पक्षी खातात आणि कुंपणावर बसून बी टाकतात, म्हणून ती तारेच्या कडेला जास्त दिसते. शेजारच्या कन्नड अक्का हिला गणिके सोप्पु म्हणतात आणि पाला शिजवून भाजी करतात. पण हिरवी फळं विषारी असतात हां, पोरांना आधी सांगून ठेवा.

रानाचं बी वाफ्यात यायची दुसरी वाट शेणखताची. खड्डा आतून 55-60 डिग्रीपर्यंत नीट तापला तर बहुतेक बिया मरतात, अर्धकच्चं खत टाकलं की सगळं रान वाफ्यात येतं.

आता हे जमिनीला पसरलेलं, जाड पानं, लालसर देठ. घोळ वाटतीय, पण देठ मोडून बघायचा. हे बघा, नुसतं पाणी आलं, म्हणजे घोळ, डाळ घालून मस्त भाजी होते. पांढरा चीक आला तर ती नायटी, भाजीत अजिबात नको.

गाजर पेरलेल्यांनी जास्त जपायचं, कारण गाजरगवताचं पान लहानपणी गाजरासारखंच दिसतं. पान चुरगळा, गाजराचा वास आला नाही तर हातात मोजे घालून फुलायच्या आधी उपटा, अंगाला खाज सुटते त्यानं. धोतऱ्याचं रोप वांग्यासारखं वाटतं, पण वास उग्र, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

आणि उकिरड्यावर आपोआप आलेला दुधीचा नाहीतर भोपळ्याचा वेल, ह्याची मला खरंच काळजी वाटते. फुकट आलंय म्हणून लोक आनंदानं खातात. मधमाशीनं कुठल्या कडू वेलाचा पराग आणला असेल तर ते त्या फळात कळत नाही, त्याच्या बीपासून आलेल्या वेलाचं फळ कडू निघतं. तो कडूपणा शिजवून जात नाही, उलट्या-जुलाब होतात, माणूस दवाखान्यात जातो. म्हणून चिरल्यावर बारीक तुकडा जिभेला लावायचा, कडू लागला की थुंकायचा आणि अख्खं फळ फेकायचं, मीठ-साखर घालून सावरायला जायचं नाही.

हां, तो 26वा पाहुणा राहिला. पान चोळलं तर बोटं हिरवीपिवळी झाली आणि वास ओळखीचा, टोमॅटो! भांडी धुतलेलं पाणी इथंच सोडतो आम्ही, त्यातून बी आलेलं. बाजारातला टोमॅटो हायब्रीड असेल तर फळ तसंच येईल असं नाही, पण मी ठेवणार. ऊन उतरलं की मुळाच्या मातीसकट काढून पलीकडच्या वाफ्यात लावतो.