झाडाची किंमत कोण ठरवते?

पुण्यात सोसायटीच्या आवारातले झाड तोडायचे असेल, तर जमीन सोसायटीची असली तरी तो निर्णय सोसायटीला घेता येत नाही. नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, मग पाहणी होते, खोडावर जाहीर नोटीस लावली जाते आणि नागरिकांना हरकत घेण्यासाठी सात दिवस मिळतात.

या कायद्यात 2021 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे वय जितक्या वर्षांचे, तितकी नवी झाडे लावायची, ती लावताना किमान सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे त्यांची निगा राखावी, असे बंधन आले. पन्नास वर्षांपुढील झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. चाळीस वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात चाळीस रोपे मागणारा हा हिशेब मला न्याय्य वाटतो, कारण त्यात झाडाने घेतलेला काळ मोजला जातो.

मात्र वय ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. छातीइतक्या उंचीवर खोडाला फीत लावून घेर मोजतात आणि झाडाच्या जातीनुसार वयाचा अंदाज बांधतात. रस्त्याकडेला लावलेला रेन ट्री झपाट्याने जाडी धरतो, चिंच मात्र सावकाश वाढते. त्यामुळे घेर सारखा दिसला तरी दोघांच्या वयात बरेच अंतर असू शकते. पाहणी करणाऱ्याने जात नीट ओळखली नाही, तर रोपांची संख्या तिथेच चुकते. म्हणून नोटीस वाचताना झाडाचे नाव, घेर आणि वय ही तिन्ही माहिती प्रत्यक्ष झाडाशी ताडून पाहायला हवी.

दिल्लीत 1994 चा स्वतंत्र कायदा आहे आणि परवानगी महापालिका नव्हे, तर वन विभागाचे अधिकारी देतात. तिथे झाड वीस वर्षांचे असो वा ऐंशी, बदल्यात दहा रोपे, हेच प्रमाण रूढ आहे. जीविताला तातडीचा धोका असेल, तर जमीनमालक झाड आधी तोडून चोवीस तासांत अधिकाऱ्याला कळवू शकतो. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत पन्नास किंवा अधिक झाडे तोडण्याच्या परवानगीवर केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या मंजुरीची अटही घातली.

फरक पाहायला दिल्लीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुण्याची हद्द ओलांडून ग्रामीण भागात गेले, की 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होतो आणि तो वय नव्हे, जात पाहतो. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशा सोळा जाती त्याच्या अनुसूचीत आहेत. वड आणि पिंपळ त्यांत नाहीत, ही उणीव फार मोठी आहे, कारण गावातली सर्वांत जुनी झाडे बहुधा हीच असतात.

2021 मध्ये सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, वडाचीवाडी यांसह तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, तेव्हा तिथल्या बांधावरच्या वडालाही शहरी कायद्याचे संरक्षण मिळाले. आता तो तोडायचा, तर मालकाला अर्ज करावा लागेल आणि गावकऱ्यांना हरकत घेता येईल.