टाकी काढताना काय होतं ते आधी बघा

नमस्कार मंडळी! आज पेंटबॉलबद्दल बोलायचंय, पण मार्करबद्दल, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुकीबद्दल नाही, आणि तिला हवा पुरवणाऱ्या टाकीबद्दलपण नाही, त्या दोघांच्या मधे जो छोटासा तुकडा असतो ना, अडॅप्टर, ज्याला खेळणारे सगळे एएसए (एअर सोर्स अडॅप्टर) म्हणतात, त्याच्याबद्दल.

नवीन खेळणारे पहिला प्रश्न हाच विचारतात, की दादा, माझ्या टाकीला हा बसेल का? बसेल. पुन्हा पुन्हा भरायच्या टाक्यांचे आटे जवळपास सगळीकडे एकाच मापाचे असतात, सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) टाकी असो की हवेची. फक्त ते एकदा वापरून टाकून द्यायचे ९० ग्रॅमचे सीओटूचे डबे असतात, त्यांचे आटे वेगळे, त्यांना आणखी एक जोड लागतो. म्हणजे बसण्याची काळजी फारशी करू नका, खरी काळजी करायची ती टाकी निघताना काय होतं याची.

साध्या एएसएमधे एक पिन घट्ट बसवलेली असते. तुम्ही टाकी फिरवत आत नेता, ती पिन टाकीच्या व्हॉल्व्हची पिन आत दाबते आणि हवा सुरू होते. सोपं आहे, स्वस्त आहे, बिघडण्यासारखं काही नाही. पण खेळ संपल्यावर टाकी उलटी फिरवायला घेतली की मार्करमधे आणि त्याच्याकडे जाणाऱ्या नळीत अडकलेली हवा तशीच असते, आणि ती थोडीथोडकी नाही, बहुतेक हवेच्या टाक्या ८०० ते ८५० पीएसआयनं हवा बाहेर सोडतात, गाडीच्या टायरमधे ३०-३५ असते त्यावरून अंदाज करा! ती हवा टाकीच्या तोंडावरच्या ओ-रिंगला, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगला, ढकलत बाहेर पडते, फाट्कन आवाज येतो, आणि हातात टाकी घेऊन बघावं तर रिंगला एका बाजूनं चावा घेतल्यासारखा तुकडा उडालेला. माझ्या अशा कितीतरी रिंगा गेल्यात, एकदा तर खिशात स्पेअर नव्हती म्हणून पूर्ण दिवस बाकावर बसून काढला. तेव्हापासून मी ऑन-ऑफवालाच वापरतो. त्यात एक नॉब असतो, तो फिरवला की पिन मागे सरकते, टाकी बंद होते आणि नळीतली हवा निघून जाते, मग टाकी दोन बोटांनी सुटते. पैसे थोडे जास्त जातात पण मला विचाराल तर डोळे झाकून हाच घ्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ऑन-ऑफ म्हणजे रेग्युलेटर नाही हं. नॉब अर्धा उघडा ठेवला तर प्रेशर कमी होईल असं काही जणांना वाटतं, तसं होत नाही. तुमच्या मार्करला ४५० पीएसआयच्या आसपासची हवा लागत असेल तर टाकीच लो प्रेशरची घ्यायला लागेल. आणि इलेक्ट्रॉनिक मार्करला सीओटू नकोच, अडॅप्टर कितीही भारी असला तरी थंडगार द्रव आत गेला की सोलेनॉइड, म्हणजे आतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, खराब होतो.

बसवायचं म्हणाल तर काही एएसए दोन स्क्रूंनी मुठीखाली बसतात, काही रेलवर सरकतात. हात लांब असतील तर रेलवाला बरा, टाकी मागेपुढे करून खांद्याला नीट टेकवता येते. नळीच्या फिटिंगला, जी सहसा १/८ इंच एनपीटी (निमुळत्या आट्यांची) असते, थोडा थ्रेड सीलंट लावा आणि जोर करून पिळू नका, अॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

आता हे नीट ऐका. टाकी काढताना कधीकधी व्हॉल्व्ह एएसएमधेच अडकून बसतो आणि बाटली, म्हणजे टाकीचा हवा भरलेला भाग, मात्र व्हॉल्व्हवरून सुटत जाते, म्हणजे तुम्हाला वाटतं टाकी निघतेय आणि प्रत्यक्षात भरलेली बाटली उघडत असते. ती सुटली की गोळीसारखी उडते, यात माणसं गेलीयेत. म्हणून नेलपॉलिश घ्या, व्हॉल्व्ह आणि बाटली जिथे जुळतात तिथे दोन्हींवरून एक सरळ रेघ ओढा. टाकी फिरवताना नजर त्या रेघेवर. रेघेचे दोन्ही तुकडे बरोबर फिरले तर ठीक, एक जरी मागे राहिला तर लगेच थांबा, टाकी परत घट्ट करा, बॅरलवर (गोळी जिथून सुटते त्या नळीवर) कव्हर घालून मार्कर तसाच्या तसा जाणकार माणसाकडे घेऊन जा.