रोजकीर्द वाचा, खतावणी नको

मंडळी, धरून चालू की इथं बेळगावात उद्यमबागेत तुमची फाउंड्री आहे. बिलं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होतात. कोल्हापूरकडं शिरोलीत गोदाम आहे, तिथला स्टॉक पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर चालतो. गिऱ्हाइकाचा पत्ता इथं बदलला की तिथं दिसायला हवा, तिथं माल उचलला की इथं कळायला हवा. ऐकायला सोपं आहे.

पहिली युक्ती सगळ्यांना सुचते: प्रोग्रॅमनं दोन्हीकडं लिहायचं. इकडं कमिट झालं, म्हणजे नोंद पक्की झाली, आणि तेवढ्यात लाइन गेली. आता बिल इथं आहे, तिथं नाही. टू-फेज कमिट, म्हणजे दोन्हीकडं तयारी झाली की मगच पक्कं करायचं, हा त्यावरचा उपाय, पण ऐन वेळी एक बाजू बंद पडली तर दुसरी लॉक धरून, म्हणजे त्या ओळी अडवून, ताटकळते. आपल्याकडचा पावसाळा बघता मी त्याच्या वाट्याला जाणार नाही.

दुसरी युक्ती: ओळ शेवटी कधी बदलली तो कॉलम बघून दर पाच मिनिटांनी नवं तेवढं उचलायचं. छोट्या धंद्याला हे चालून जातं, मी नाक मुरडत नाही. पण खोडलेली ओळ यात सापडत नाही. ओळच उरली नाही तर तिची वेळ कुठून वाचणार? दुसरं भोक जास्त बारीक आहे. एका ओळीवर 10:04 ची वेळ पडली, पण तो व्यवहार कमिट झाला 10:06 ला. तुमचा ओळी उचलणारा जॉब 10:05 ला येऊन गेला, त्याला ती दिसली नाही. पुढच्या फेरीत तो 10:05 नंतरचं मागणार. ती ओळ कायमची सुटली, आणि एरर कुठंच नाही.

यापेक्षा जुन्या मुनीमांची पद्धत बघा. व्यवहार क्रमानं रोजकीर्दीत, तिथून खातेवार खतावणीत. डेटाबेसचीही रोजकीर्द असते, तिला लॉग म्हणतात: मायएसक्यूएलचा बिनलॉग, पोस्टग्रेसचा वॉल (WAL). डेबेझियमसारखं टूल ती वाचतं आणि झालेला प्रत्येक बदल, खोडणंसुद्धा, कमिटच्या क्रमानं पुढं देतं. बिनलॉग मात्र रो फॉरमॅटमध्ये, म्हणजे बदललेली प्रत्येक ओळ नोंदवणारा हवा, मायएसक्यूएल 5.7.7 पासून तो मुळातच तसा असतो.

इथंही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वाचणारा बंद पडला की पोस्टग्रेस त्याच्यासाठी लॉग राखून ठेवतो आणि डिस्क भरत जाते. 13 व्या आवृत्तीपासून त्याला मर्यादा घालता येते. ती ओलांडली की मात्र सगळा डेटा पहिल्यापासून भरायचा. आणि एकच बदल दोनदा येऊ शकतो. म्हणून ‘पाच नग वजा करा’ असं पाठवू नका, ‘आता चाळीस शिल्लक’ असं पाठवा.

जुळवायचं कशावर? नावावर तर नकोच. ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ एका कोडचा असतो किंवा र आणि नुक्ता मिळून दोन कोडांचा. डोळ्याला दोन्ही सारखेच, पोस्टग्रेसला वेगळे. एका गिऱ्हाइकाची दोन खाती झालीच म्हणून समजा. जीएसटी नंबरही पुरत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत यार्ड असलेल्या फर्मचे दोन नंबर असतात, इथला 29 नं सुरू होणारा, तिकडचा 27 नं. मधला पॅन तेवढा एकच. स्वतःचा ग्राहक कोड काढा आणि दोन्हीकडं तोच वापरा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कॉलमला धनी एकच ठेवा. पत्ता फक्त बिलिंगनं बदलायचा, स्टॉक फक्त गोदामानं. पत्त्यातलं राज्य चुकलं तर राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागतो, आणि निस्तरत बसतो तुमचा अकाउंटंट. ‘शेवटी ज्यानं लिहिलं त्याचं खरं’ हा नियम लावायचा तर दोन सर्व्हरांची घड्याळं तंतोतंत जुळायला हवीत, त्यावर कुणी भरवसा ठेवू नये.

रात्री काम थांबलं की दोन्हीकडच्या ओळी मोजा, रकमांची बेरीज पडताळा. फरक निघाला तर तो आपोआप दुरुस्त करणारी स्क्रिप्ट लावू नका. आधी ती ओळ कुठं अडली ते लॉगमध्ये शोधा. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेतून एक हात मघापासून वर आहे.