जखमीच्या दिशेने निघालेले रक्त

[दृश्य : नौपाड्यातील सभागृह, रविवारची सकाळ, बाहेर पाऊस]

ठाण्यात नौपाड्यातील या सभागृहात सकाळी ९ वाजल्यापासून रक्तदान शिबिर सुरू आहे. पाऊस असूनही खुर्च्या रिकाम्या राहिलेल्या नाहीत. दाराशी ओल्या छत्र्यांची रांग लागली आहे आणि आत खाटांवर पहुडलेले दाते मुठीतला रबरी चेंडू सावकाश दाबत आहेत. खाटेच्या बाजूला, दात्याच्या हाताहून खालच्या पातळीवर, एक लहानसे यंत्र रक्ताच्या पिशवीला झोके देत असते. हे झोके कशासाठी, असे पहिल्यांदा आलेला जवळजवळ प्रत्येक दाता विचारतो. पिशवीत अगोदरच पाण्यासारखे दिसणारे थोडे द्रावण भरलेले असते. त्यातील सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही. परंतु त्यासाठी ते रक्तात एकसारखे मिसळावे लागते. ३५० मिलिलिटरची पिशवी साधारणपणे ५ ते ८ मिनिटांत भरते. दाता चहा-बिस्किटे घेऊन घरी जातो, आणि त्याचे रक्त प्रवासाला लागते.

या माहितीपटाचा विषय तो प्रवास आहे, आणि रक्ताला असा प्रवास करता येतो हे तोफांच्या माऱ्यात सिद्ध करून दाखवणारे कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही आहेत.

[दृश्य : कृष्णधवल छायाचित्र, डॉ. द्वारकानाथ कोटणीस]

महाराष्ट्राला हा चेहरा वेगळा सांगावा लागत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिकडेच राहिले. ज्या रुग्णालयाचे ते पुढे प्रमुख झाले त्याच्या नावात ‘बेथ्यून’ हा शब्द आहे. शाळेच्या पुस्तकात कोटणीस भेटतात. बेथ्यून मात्र बहुधा भेटत नाहीत. आम्हालाही ते उशिराच भेटले, आणि तेही रक्तपेढीच्या कामामुळे.

[दृश्य : जुनी छायाचित्रे, नकाशा]

बेथ्यून यांचा जन्म मार्च १८९० मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ग्रेव्हनहर्स्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि ज्यांचे नाव त्यांना मिळाले ते आजोबा शल्यचिकित्सक होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते सैन्यात दाखल झाले आणि जखमींच्या डोल्या वाहू लागले. १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणात त्यांच्या पायाला तोफगोळ्याचे तुकडे लागले. जखम बरी झाल्यावर त्यांनी टोरांटोत पदवी पूर्ण केली, ब्रिटिश नौदलात काम केले, एडिंबरोत शस्त्रक्रियेची परीक्षा दिली आणि अमेरिकेत डेट्रॉइट येथे दवाखाना काढला.

१९२६ मध्ये त्यांना क्षयरोग झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, अंथरूण आणि वाट पाहणे एवढाच उपचार होता. न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक येथील आरोग्यधामात पडून असताना त्यांच्या वाचनात कृत्रिम वातवक्ष नावाची पद्धत आली. छातीच्या पोकळीत सुईने हवा सोडून रोगट फुफ्फुस मिटवायचे आणि त्याला विश्रांती द्यायची, अशी ती रीत. हा उपचार आपल्यावर करावाच, असा आग्रह त्यांनी धरला आणि ते बरे झाले. त्यानंतर १९२८ मध्ये त्यांनी माँट्रियलमध्ये छातीच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतले.

[दृश्य : पाचपाखाडीतील घर, टेबलावर हिरवे कापड, त्यावर शस्त्रक्रियेची हत्यारे]

हे हत्यार जवळून पाहण्यासारखे आहे. ठाण्यातील एका निवृत्त शल्यचिकित्सकांनी ते आम्हाला हातात घेऊ दिले. लांब दांडे, आखूड जबडा आणि त्या जबड्याची चोचीसारखी वळलेली धार. बरगडीखाली एक पाते सरकवून दांडे दाबले की हाड कापले जाते. बरगड्या कापण्याच्या या कात्रीला जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत आजही बेथ्यून यांच्याच नावाने ओळखतात. पादत्राणे बनवणाऱ्या कारागिराच्या हत्यारावरून त्यांना ती सुचली, असे सांगितले जाते. डॉक्टरसाहेबांनी ती कात्री कॅमेऱ्यासमोर दोनदा उघडून मिटवली. लांब दांड्यांमुळे मनगटावरचा भार कसा कमी होतो, हे त्यांच्या हाताकडे पाहिल्यावर कळते.

बेथ्यून यांना याच काळात एक गोष्ट सलू लागली. ज्यांना ते बरे करून घरी पाठवत, ते गरीब रुग्ण पुन्हा त्याच कोंदट खोल्यांत आणि त्याच अर्धपोटी अवस्थेत राहून पुन्हा आजारी पडत. १९३५ मध्ये ते शरीरशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी लेनिनग्राडला गेले आणि तिथली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था पाहून परतले. त्याच वर्षी ते कम्युनिस्ट पक्षात गेले. उपचार हा प्रत्येकाचा हक्क असावा आणि त्याची व्यवस्था समाजाने करावी, ही भूमिका ते माँट्रियलमध्ये उघडपणे मांडू लागले. डॉक्टरांच्या वर्तुळात ती अनेकांना रुचली नाही.

[दृश्य : माद्रिदची छायाचित्रे, त्यानंतर ठाण्यातील रक्तपेढीचे शीतकपाट]

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. नोव्हेंबरच्या सुरुवातीस बेथ्यून माद्रिदमध्ये पोहोचले तेव्हा सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँको यांचे सैन्य शहराच्या वेशीवर होते. काही दिवसांतच आघाडी शहरातल्या विद्यापीठाच्या आवारापर्यंत आली. एका नव्या शल्यचिकित्सकाची भर पडल्याने फारसा फरक पडणार नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. जखमी सैनिक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचत होते खरे, पण वाटेत इतके रक्त गेलेले असे की चाकू लावण्याआधीच अनेकांची नाडी तुटत असे. कमतरता होती ती रक्ताची, आणि तीही योग्य ठिकाणी, योग्य वेळी.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट जगापुढे मांडले, तोपर्यंत एकाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जुगार होता. पुढेही बरीच वर्षे दात्याला रुग्णाशेजारी झोपवून थेट रक्त द्यावे लागे, कारण शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत गोठते. १९१४ मध्ये ब्रसेल्सचे अल्बेर युस्तँ आणि ब्युनोस आयर्सचे लुईस आगोते यांनी स्वतंत्रपणे सोडियम सायट्रेटचा उपयोग करून ही अडचण दूर केली. नौपाड्याच्या शिबिरात पिशवीत दिसलेले द्रावण त्याच वंशातले आहे. १९१७ मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने पश्चिम आघाडीवर रक्त बाटलीत साठवून वापरले. युद्ध संपले आणि हे ज्ञान पुन्हा रुग्णालयांच्या चार भिंतींत जाऊन बसले.

बेथ्यून यांनी ते रस्त्यावर आणले. पॅरिस आणि लंडन येथे जाऊन त्यांनी उपकरणे जमवली, एक फोर्ड गाडी घेतली आणि त्या गाडीत शीतपेटी, निर्जंतुकीकरणाचे साधन, बाटल्या, नळ्या व सुया असा सारा संसार बसवला. हेझन साइझ हे वास्तुविशारद आणि हेनिंग सोरेन्सन हे दुभाषी त्यांच्या सोबत होते. डॉक्टर नसलेली माणसे या कामात किती मोलाची ठरतात, हे आमच्यासारख्या शिबिरे भरवणाऱ्यांना निराळे सांगायला नको. माद्रिदमधील प्रिन्सिपे दे व्हेर्गारा या रस्त्यावर त्यांनी केंद्र उघडले आणि वर्तमानपत्रांतून व रेडिओवरून रक्तदात्यांना आवाहन केले. बॉम्ब पडत असलेल्या, अन्नाची टंचाई असलेल्या त्या शहरातले नागरिक रांगा लावून आले. दात्याची तपासणी, गटाची नोंद, सायट्रेट मिसळलेले रक्त बाटलीत, बाटली शीतपेटीत, आणि आघाडीवरच्या रुग्णालयातून निरोप आला की गाडी रस्त्यावर, असा तो क्रम होता. डिसेंबर १९३६ मध्ये हे काम सुरू झाले.

फिरत्या रक्तसेवेचा मान एकट्या बेथ्यून यांना देणे योग्य होणार नाही. बार्सिलोनात डॉ. फ्रेदेरिक दुरान यांनी त्यांच्याही काही महिने आधी रक्त गोळा करून आघाडीवर पाठवण्यास सुरुवात केली होती, आणि त्यांची पद्धत काही बाबतींत अधिक शिस्तबद्ध होती. तरीही जखमीने रक्ताकडे यायचे नाही, रक्तानेच जखमीकडे जायचे, हा विचार बेथ्यून यांनी ज्या तळमळीने जगापुढे मांडला, तिला तोड नाही असे आम्हाला वाटते.

रक्तपेढीतील तंत्रज्ञ ताई येथे शीतकपाटाचा तापमानाचा आलेख दाखवत आहेत. लाल पेशींसाठी २ ते ६ अंश सेल्सिअस ही मर्यादा आहे. काटा त्याबाहेर गेला तर गजर वाजतो, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. गाडीतील शीतपेटीत, खाचखळग्यांच्या रस्त्यावर, दिवे मालवून जाताना बेथ्यून यांच्या सहकाऱ्यांनी याच थंडाव्याची राखण केली.

[दृश्य : मालागा ते आल्मेरिया रस्ता, फेब्रुवारी १९३७, साइझ यांनी टिपलेली छायाचित्रे]

फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहर पडले आणि हजारो माणसे समुद्रकाठच्या रस्त्याने आल्मेरियाकडे पायी निघाली. रक्त घेऊन निघालेली बेथ्यून यांची गाडी या लोंढ्याला समोरून भेटली. त्यांनी गाडीतले सामान उतरवले आणि मुले व त्यांच्या माता यांना आल्मेरियापर्यंत पोहोचवण्यासाठी फेऱ्या सुरू केल्या. पुढील छायाचित्रांवर आम्ही निवेदन ठेवलेले नाही.

[४० सेकंद शांतता]

मतभेदांमुळे १९३७ च्या मध्यात बेथ्यून यांना स्पेन सोडावा लागला. जानेवारी १९३८ मध्ये ते व्हँकुव्हरहून बोटीने चीनला निघाले. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाला तेव्हा सहा महिने झाले होते. चिनी भाषा जाणणाऱ्या जीन युएन या कॅनेडियन परिचारिका त्यांच्या सोबत होत्या. मार्चच्या अखेरीस येनान या चिनी कम्युनिस्टांच्या तळावर माओ त्से तुंग यांची भेट घेऊन ते शान्शी व होपेई प्रांतांच्या डोंगराळ सीमाभागाकडे रवाना झाले.

[दृश्य : लाकडी खोगीरपेटीची प्रतिकृती, सुताराचे हात]

माद्रिदचा अनुभव येथे जसाच्या तसा उपयोगी पडणारा नव्हता. या डोंगरांत वीज नव्हती, बर्फ नव्हता, गाडीचा रस्ताही नव्हता. साठवलेले रक्त नेता येत नसेल, तर दातेच जवळ तयार ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. गावकऱ्यांचे गट तपासून याद्या केल्या. रक्त देण्याची भीती लोकांच्या मनातून जावी म्हणून त्यांनी आपले स्वतःचे रक्त जखमी सैनिकाला दिले.

आणि ही त्यांची दुसरी गाडी, खेचरावर बसणारी. आमच्या गटातील एका सुतारकाकांनी छायाचित्रांवरून ही लहान प्रतिकृती घडवली आहे. खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या खत वाहण्याच्या टोपल्या पाहून बेथ्यून यांनी अशी लाकडी पेटी केली. दोन्ही बाजूंना खण, खणांत बाटल्या, पट्ट्या, हत्यारे आणि औषधे. वरची फळी उतरवली की टेबल तयार होते. सुमारे १०० शस्त्रक्रियांचे साहित्य तीत मावत असे. पाठीवर चढवली की तिचा आकार पुलासारखा दिसे, म्हणून बीजिंगजवळच्या ज्या लुकौ पुलापाशी जुलै १९३७ मध्ये युद्धाची ठिणगी पडली, त्याचेच नाव तिला मिळाले. सुतारकाकांना बिजागऱ्यांचा प्रश्न सुटेना तेव्हा त्यांनी त्या काढूनच टाकल्या आणि फळी खाचेत सरकवली.

सप्टेंबर १९३८ मध्ये सुंगयेनकौ या गावात त्यांनी नमुना रुग्णालय उभे केले. काही आठवड्यांतच जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. त्यानंतर त्यांनी रुग्णालयच खेचरांवर लादले. एप्रिल १९३९ मध्ये ची-हुई येथील लढाईत आघाडीच्या अगदी जवळ ६९ तासांत त्यांनी ११५ शस्त्रक्रिया केल्या. ज्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती अशा तरुणांना त्यांनी मलमपट्टी, निर्जंतुकीकरण आणि जखम स्वच्छ करणे शिकवले, त्यांच्यासाठी चित्रांसह पुस्तके लिहिली.

ऑक्टोबर १९३९ मध्ये घाईच्या शस्त्रक्रियेत, हातमोज्यांविना, त्यांचे बोट कापले. पुढे एका पू झालेल्या जखमेचा संसर्ग त्या बोटाला झाला आणि तो रक्तात पसरला. पेनिसिलिन तेव्हा उपलब्ध नव्हते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी होपेईतील ह्वांगशीकौ या खेड्यात ते गेले. वय ४९.

[दृश्य : कोटणीस यांचे चीनमधील छायाचित्र, लष्करी गणवेश]

डॉ. कोटणीस त्या सीमाभागात पोहोचले ते १९४० मध्ये. त्या दोघांची भेट झाली नाही. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, बेथ्यून गेले त्याच परगण्यात त्यांनी देह ठेवला. बेथ्यून आणि कोटणीस यांची स्मारके आज शिच्याच्वांग येथील हुतात्मा उद्यानात आहेत.

[दृश्य : रक्तपेढी, ठाणे, दुपार]

शिबिरात घेतलेले रक्त त्याच दिवशी पुढे जात नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व मलेरिया यांच्या तपासण्या होतात, रक्ताचे घटक वेगळे होतात, आणि मगच पिशवीवर अंतिम चिठ्ठी लागते. आज शहापूरकडे ‘ओ’ निगेटिव्हच्या दोन पिशव्या जायच्या आहेत. बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या एका मातेसाठी. ताई पेटीत बर्फाच्या थैल्या रचतात, मधे पुठ्ठा ठेवतात, कारण रक्ताला बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी फुटतात. चालक पेटी मागच्या आसनावर न ठेवता शेजारी घेतो आणि तिला पट्टा लावतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही.

माजिवडा, खारेगावचा खाडीपूल, भिवंडीचा वळणरस्ता, पडघा. पावसामुळे गाड्या संथ आहेत आणि चालक दर दहा मिनिटांनी उजवा हात चाकावर ठेवून डावा पेटीवर टेकवतो. शहापूरच्या रुग्णालयाच्या दारात परिचारिका वाट पाहत उभ्या आहेत. त्या झाकण उघडतात, चिठ्ठीवरचा गट आणि क्रमांक मोठ्याने वाचतात, दुसऱ्या परिचारिका तोच क्रमांक कागदावरून वाचून दाखवतात. नोंदवहीत वेळ लिहिली जाते, ४ वाजून ४० मिनिटे. चालक सही करतो आणि रिकामी पेटी घेऊन ठाण्याच्या रस्त्याला लागतो.